डबा कशाचा घ्यायचा? ट्रॉलरच्या साखळीपासून घडवलेल्या तीन सुऱ्या

मालवणच्या एका बोटमालकाने वडिलांच्या काळातला लाकडी ट्रॉलर मोडीत काढला. इंजिन विकलं, लाकूड विकलं, जाळं ओढायच्या विंचची साखळी तेवढी घरी आणली. बरीचशी साखळी खाऱ्या पाण्याने खाल्लेली, कड्या हाताने वाकाव्यात अशी. शाबूत तुकडा निघाला फूटभर. तो घेऊन मालक कुडाळच्या बाजूला एका लोहाराकडे गेला. मागणी अशी होती: तीन भावंडांसाठी स्वयंपाकघरातल्या तीन सुऱ्या याच साखळीतून व्हाव्यात आणि पात्यावर साखळी ओळखू यावी.

लोहारकाम इथे पिढीजात. कोयते, विळ्या, कुऱ्हाडी हा रोजचा माल. मुलगा आयटीआय झालेला. त्याने ट्रकच्या जॅकवर एक साधा हायड्रॉलिक प्रेस उभा केलाय आणि ड्रमला आतून सिरॅमिक वूल लावून गॅसची भट्टीही बनवलीय. माझं काम पोलादाच्या उष्णता-प्रक्रियेचं. कोल्हापूरच्या फाउंड्रींमध्ये जाणं-येणं असतं, आणि घाटाखाली उतरलो की या लोहारसाळेत डोकावणं होतं. साखळी पोलादाच्या डब्यात बंद करून, तापवून आणि दाबून तिचा एकजीव ठोकळा करायचा होता. मुलाने मला विचारलं ते डब्यात साखळीभोवती काय भरायचं याबद्दल. तात्यांचा, म्हणजे त्याच्या वडिलांचा, प्रश्न वेगळा होता. "डबो काढूचो कसो, ता आधी सांगा. भरूचा काय ता मागसून बगू."

मला विचाराल तर या सगळ्या प्रकरणाची किल्ली त्या एका वाक्यात आहे. डब्याचा धातू कोणता, हे त्याच्या किमतीवरून किंवा ताकदीवरून ठरत नाही. तो डबा कधी आणि कुठल्या वाटेने निघणार आहे, यावरून ठरतं.

आधी डबा लागतोच कशाला ते सांगतो. पोलादाच्या सपाट पट्ट्या असत्या तर एकावर एक रचून, टाकणखार टाकून, तापवून, घणाखाली जोडता आल्या असत्या. टाकणखार वितळतो, गंज आणि तापल्यावर पोलादावर चढणारा पापुद्रा स्वतःत ओढून घेतो आणि ठोक्याबरोबर बाजूने बाहेर उडतो. साखळीत त्याला बाहेर पडायला वाटच नाही. पिनेवर बुश म्हणजे बारीक नळी, बुशवर रोलर, दोन्ही बाजूंना पट्ट्या. या फटींत गेलेला टाकणखार काचेसारखा आतच बसणार आणि धार लावताना नेमकं तिथेच पातं खचणार. म्हणून साखळी पोलादाच्या डब्यात ठेवायची, मोकळी जागा पोलादाच्या बारीक दाण्यांनी भरायची, झाकण वेल्डिंगने बंद करायचं आणि अख्खा डबा १२०० अंश सेल्सिअसच्या आसपास तापवून दाबायचा. आतलं काहीही वितळत नाही. स्वच्छ पोलाद स्वच्छ पोलादाला टेकलं, पुरेसं तापलं आणि दाबलं गेलं की घन अवस्थेतच एकजीव होतं. बाहेरची हवा आत येऊ न देणं एवढंच डब्याचं काम.

भरायच्या दाण्यांचा प्रश्न लवकर सुटला. परदेशातले कारागीर यासाठी ठराविक कार्बनची पोलादाची भुकटी विकत घेतात. कोल्हापूरकडच्या फाउंड्रींत ओतीव माल साफ करायला स्टील शॉट वापरतात, बारीक गोल दाणे. उच्च-कार्बन शॉटमध्ये कार्बन साधारण ०.८ ते १.२ टक्के असतो, म्हणजे सुरीच्या पोलादाला हवा तेवढाच. वापरलेला शॉट स्वस्तात मिळाला असता, पण त्यात साच्याची वाळू आणि पापुद्रा मिसळलेला असतो. नवा, सगळ्यात बारीक घेतला. एवढं पुरे.

किनाऱ्यावर कुठला पाइप मिळतो

डब्यासाठी सहज सुचणारी वस्तू म्हणजे चौकोनी पाइपचा तुकडा. कुठल्याही फॅब्रिकेशनच्या दुकानाबाहेर तुकड्यांचा ढीग असतो. पण किनारपट्टीवरच्या ढिगात आणि देशावरच्या ढिगात फरक आहे. खाऱ्या हवेत साधा काळा पाइप दोन पावसाळ्यांत फुटतो, म्हणून इथे गेट, ग्रिल, पत्र्याच्या शेडचे खांब सगळं जस्ताचा थर दिलेल्या पाइपमध्ये, दुकानदाराच्या भाषेत जीआय किंवा जीपीमध्ये. ज्याला परवडतं तो स्टेनलेस घेतो. ढिगात हात घातला तर जस्तवाला तुकडा हाती येण्याचीच शक्यता जास्त.

आणि जस्त या कामात चालत नाही. ९०७ अंशांना जस्त उकळतं, आपल्याला जायचंय त्याच्या तीनशे अंश वर. पांढरा धूर निघतो, तो श्वासात गेला की काही तासांनी थंडी वाजून ताप येतो. वेल्डिंग करणाऱ्यांना हा ताप माहीत असतो आणि बरेच जण तो थट्टेवारी नेतात. मला त्यात थट्टा दिसत नाही. शिवाय बंद डब्याच्या आतल्या बाजूचं जस्त वाफ होऊन दाण्यांवर बसणार, म्हणजे जिथे स्वच्छ पोलाद हवं तिथेच घाण. मुलाचं म्हणणं होतं की ॲसिडमध्ये बुडवून जस्त उतरवू. बाहेरून उतरेलही, पाइपच्या आतल्या कोपऱ्यात उतरलं की नाही हे बघणार कोण?

तर मग पाइप जस्ताचा आहे की साधा, हे ओळखायचं कसं? नव्या जीआयवर जस्ताची फुलं दिसतात, पण जुन्या, रंग दिलेल्या तुकड्यावर काही कळत नाही. चुंबक दोन्हीला चिकटतं. इथे बागायतदाराच्या घरातली वस्तू कामाला आली: मोरचूद. सुपारीवर कोळे रोगासाठी बोर्डो मिश्रण फवारतात, त्यामुळे मोरचुदाची पिशवी आसपास असतेच. थोडं पाण्यात विरघळवायचं, पाइपवरचा रंग खरवडून तिथे थेंब सोडायचा. साध्या लोखंडावर तांबूस तांबं बसतं. जस्त असेल तर डाग काळा पडतो. ही चाचणी कारखान्यांत जस्ताचा थर तपासायलाही वापरली जाते, म्हणजे घरगुती तोडगा म्हणून हसण्यासारखी नाही. ढिगातले बहुतेक तुकडे काळे पडले. शेवटी दुकानदाराने आतून एक पूर्ण लांबीचा काळा पाइप काढून दिला: ५० बाय ५० मिलिमीटर, भिंत ३ मिलिमीटर. आतून तेलाचा आणि काळा थर होता, तो घासून काढला.

साखळी एक इंच पिचची होती, म्हणजे एका पिनेपासून दुसरीपर्यंत एक इंच. पट्टीची उंची २१ मिलिमीटर, त्यामुळे दुमडून दोन थर केले की पाइपच्या ४४ मिलिमीटरच्या पोकळीत जेमतेम बसत होती. रुंदीत, पिनेच्या टोकापासून टोकापर्यंत, साधारण ३८. म्हणजे बाहेरच्या पट्ट्या आणि डब्याची भिंत यांच्यामध्ये दोन्ही बाजूंना उरतात ३ मिलिमीटर. हा आकडा लक्षात ठेवा, पुढचा सगळा वाद त्याच्यावर आहे.

चिकटला तर?

साध्या पाइपचा डबा जसाच्या तसा वापरला तर तो आतल्या मालाला चिकटतो. चिकटणारच, आतलं पोलाद आतल्या पोलादाला ज्या कारणाने चिकटतं त्याच कारणाने. मग तो ग्राइंडरने घासून काढावा लागतो. नुसत्या दाण्यांचा डबा असता तर मी हेच केलं असतं आणि पुढचं काही लिहिलं नसतं. घासताना एखादा मिलिमीटर जास्त गेला तरी दाण्यांचंच पोलाद जातं. इथे मात्र भिंतीमागे ३ मिलिमीटरवर साखळीची पट्टी आहे, दाबल्यावर ते अंतर अडीचच्या घरात येणार. भिंत नेमकी कुठे संपली हे घासताना डोळ्यांना दिसत नाही. मध्ये मध्ये फेरिक क्लोराइड लावून बघावं लागतं, त्याने वेगवेगळ्या पोलादांचा रंग वेगळा दिसतो. चारही बाजूंनी, पाऊण वीतभर लांब, अशा अंदाजाने घासत जायचं म्हणजे कुठेतरी पट्टीत शिरणं ठरलेलं. आणि पट्टी गेली की भावंडांना दाखवायची साखळीच गेली.

शिवाय कार्बनचं चालणं आहे. साध्या पाइपात कार्बन ०.२ टक्क्यांच्या आत, आतल्या दाण्यांत एकच्या आसपास. १२०० अंशांना पोलादातला कार्बन अर्ध्या तासात ढोबळमानाने अर्धा मिलिमीटर सरकतो, जास्त असेल तिथून कमी असेल तिकडे. दोन-तीन तापांचा, म्हणजे भट्टीतल्या फेऱ्यांचा, एकूण वेळ धरला तर मिलिमीटरभर कातडी कार्बन गमावून मऊ पडते. ती काढावी लागतेच, डबा कशाचाही असो. म्हणजे घासायला जागा आधीच कमी, त्यातला मिलिमीटर कार्बनने घेतला.

मग चिकटू न देणारे उपाय. मुलाच्या फोनवर सगळ्यात लोकप्रिय दिसला तो व्हाइटनर, कागदावरची शाई पुसायचा तोच. त्यातला पांढरा रंग म्हणजे टायटॅनियम डायऑक्साइड, तो या तापमानाला वितळत नाही आणि दोन पोलादांच्या मध्ये पडदा होतो. डब्याला आतून दोन हात द्यायचे, पूर्ण वाळवायचे, मग भरायचं. स्वस्त, तालुक्याच्या कुठल्याही स्टेशनरीच्या दुकानात मिळणारा. तात्यांनी विचारलं, मग चुनाच का लावायचा नाही? प्रश्न बरोबर होता. पण हवेत सुकलेला चुना पुन्हा कॅल्शियम कार्बोनेट होतो आणि तापल्यावर, आठ-नऊशे अंशांच्या पट्ट्यात, कार्बन डायऑक्साइड सोडतो. तापलेल्या पोलादाला तो वायू गंजवतो, शिवाय डब्यात दाब वाढवतो. बंद डब्यात काहीही ओलं, काहीही वायू सोडणारं नको, हा नियम मी सैल करत नाही. जुलै-ऑगस्टच्या हवेत तर शॉटसुद्धा कढईत गरम करून भरावा लागतो. पाण्याचा चमचाभर अंश आत राहिला तर डबा फुटायला पुरतो.

तिसरा मार्ग म्हणजे डबाच स्टेनलेसचा. स्टेनलेसच्या पृष्ठभागावर क्रोमियम ऑक्साइडचा पातळ थर असतो, तो जोड होऊ देत नाही, म्हणून डबा नंतर सोलून निघतो. समुद्राकाठी स्टेनलेसच्या रेलिंगची कामं भरपूर, पत्र्याचे तुकडेही भरपूर. कुठला ग्रेड हा प्रश्न निघालाच, कारण रेलिंगमध्ये ३०४ सांगून हलक्या दर्जाचं २०२ खपवलं जातं आणि वर्षभरात त्यावर चहाचे डाग पडल्यासारखा गंज चढतो. एका तापाच्या डब्याला तो फरक फारसा महत्त्वाचा नाही. महत्त्वाचं हे की अशा स्टेनलेसचं पोलाद तापलेलं असतानाही बरंच ताठ राहतं. जॅकवरच्या प्रेसची ताकद आतल्या मालाला दाबण्याऐवजी डब्याशी भांडण्यात जाईल. तापताना ते कार्बन पोलादाच्या जवळपास दीडपट प्रसरण पावतं, म्हणजे डबा आतल्या मालापासून सुटून बाहेर फुगतो आणि पहिला दाब पोकळीवर पडतो. पत्र्याचा डबा म्हणजे लांबीभर वेल्डिंगचे सांधे, आणि इथे वेल्डिंग रॉडचं. पातळ स्टेनलेसवर रॉडने केलेला सांधा दाबाखाली कोपऱ्यात तडकला तर हवा आत आणि साखळी गेली. मोठा प्रेस आणि आर्गॉनचं वेल्डिंग ज्याच्याकडे आहे त्याने हाच मार्ग घ्यावा, त्याच्यावर माझा आक्षेप नाही. या लोहारसाळेसाठी तो नव्हता.

उरला मधला मार्ग. डबा साध्या पाइपचा, आतून स्टेनलेसच्या पातळ पत्रीचं अस्तर. हवेत कडक होणारं टूल स्टील उष्णता-प्रक्रियेआधी अशा पत्रीत गुंडाळतात, जाडी ०.०५ मिलिमीटर. ताकद पाइपची, जोड पाइपचे, चिकटू न देणं तेवढं पत्रीचं. तोटे दोन. किनाऱ्यावर ती मिळत नाही, मागवावी लागते. आणि व्हाइटनरच्या बाटलीच्या मानाने ती महाग आहे. तिसरा तोटा हाताळणाऱ्यालाच कळतो: तिची कड ब्लेडसारखी कापते, जाड हातमोज्याशिवाय दुमडायला जाऊ नये.

दोन चाचण्या

खरी साखळी एकच, तेव्हा आधी भंगारातल्या मोटारसायकलच्या साखळ्या घेतल्या. मुद्दाम साध्या, रबरी रिंगा नसलेल्या. चाळीस मिलिमीटरच्या काळ्या पाइपचे दोन छोटे डबे केले: एकाला व्हाइटनर, दुसऱ्याला पत्री. शॉट तोच, ताप तोच, प्रेसही तोच.

व्हाइटनरचा डबा दोन बाजूंनी छान सुटला. तिसरी बाजू छिन्नीने ओढून काढावी लागली. चौथी मधोमध पक्की चिकटली होती. कापून बघितलं तेव्हा कारण दिसलं. शॉट नीट बसावा म्हणून डबा ऐरणीवर ठोकत ठोकत भरला होता. साखळीच्या कडा आणि दाणे भिंतीवर घासून लेप खरवडला गेला. खरवडलेली पापडी कुठे गेली? आत. आडव्या कापात दाण्यांच्या मध्ये पांढरे ठिपके स्पष्ट दिसत होते. सुरीच्या धारेत असा एक ठिपका आला तर तिथून तुकडा उडणार. नुसती बारीक भुकटी भरताना लेप टिकत असेलही, साखळीसारख्या कडाकड वस्तूबरोबर तो टिकवणं कठीण, असं माझं मत झालं.

पत्रीचा डबा चारही बाजूंनी निघाला. पत्री काही ठिकाणी पाइपला लागून गेली, काही ठिकाणी मालाला लागून राहिली, पण दोन्हीकडून पक्कडीने सोलता आली. एकच खोट निघाली: पत्रीची दोन टोकं जिथे एकमेकांवर येत होती त्या फटीत दाणे शिरले आणि तिथे लांबीभर एक बारीक ओठ चिकटून बसला. त्यावर उपाय सोपा होता. ती घडी सुरीच्या पाठीच्या बाजूला येईल अशी ठेवायची, तिथे घासलं तरी काही बिघडत नाही.

निर्णय तिथेच झाला. बोटमालकाला पत्रीचा खर्च सांगितला तेव्हा तो म्हणाला, "तात्यानू, साखळी काय बाजारात गावतली?"

खरी साखळी

डब्यापेक्षा साफसफाईला जास्त वेळ गेला, आणि जायलाच हवा होता. डबा बंद करताना आत हवा राहते, तिच्यातला ऑक्सिजन जळून संपावा म्हणून लोक रॉकेलचे थेंब टाकतात, कागदाचा बोळा टाकतात. आमच्या डब्याची आतली जागा तीनशे घन सेंटिमीटरच्या थोडी वर, त्यात साखळी आणि दाणे गेल्यावर पोकळी उरते साधारण चौथा हिस्सा. त्या हवेतला ऑक्सिजन तोलला तर ग्रॅमचा चाळिसावा-पन्नासावा भाग. तो फार तर चिमूटभर गंज करेल. जुन्या साखळीच्या रोलरखाली बसलेला गंज त्याच्या कितीतरी पट. म्हणून मला रॉकेलच्या थेंबांवरच्या चर्चेचं नेहमी नवल वाटतं. खरा शत्रू आधीपासून आत बसलेला असतो.

साखळी डिझेलमध्ये भिजवून ग्रीस काढलं, मग धुण्याच्या सोड्यात उकळली, मग गंजासाठी लिंबूसत्त्वाच्या पाण्यात ठेवली. तात्यांच्या घरच्या काकींनी विचारलं, आगळ का नाही? कोकमाचं आगळ आंबट खरं, पितळ त्याने लखलखतं, पण त्यात मीठ असतं. मीठ फटींत राहिलं की सुकायच्या आत पुन्हा गंज. लिंबूसत्त्वानंतर परत सोड्याच्या गरम पाण्यातून काढून चुलीवर लगेच सुकवली. इथल्या हवेत ओली साखळी रात्रभर ठेवली की सकाळी तांबूस होते.

पत्री आत बसवली, घडी वरच्या अंगाला. साखळी अशी ठेवली की पट्ट्या उभ्या राहतील, म्हणजे पुढे पात्याच्या सपाट अंगावर कडीचा आठाच्या आकड्यासारखा आकार येईल. एकदा डबा बंद झाला की आत काय कुठल्या दिशेला आहे हे कुणालाच कळत नाही, म्हणून झाकणावर छिन्नीने खूण केली. खूण भट्टीतल्या पापुद्र्याखाली बुजू नये एवढी खोल. झाकणं ६ मिलिमीटरच्या साध्या पट्टीची, त्यांना अस्तर नाही, कारण दोन्ही टोकं कापूनच टाकायची होती. एका झाकणाला धरायला सळई, तिच्या शेजारी दोन मिलिमीटरचं भोक. पूर्ण बंद डबा करणारेही आहेत. मी भोक ठेवतो; आतला कार्बन उरल्यासुरल्या गंजाशी भिडला की कार्बन मोनॉक्साइड होतो, त्याला वाट हवी. भट्टीत त्या भोकातून बारीक ज्योत निघते आणि काही वेळाने विझते. अर्थात भट्टी उघड्या पडवीत हवी, बंद खोलीत हा प्रकार करू नये.

डबा पिवळाधमक आणि चारही अंगांनी सारखा दिसायला लागल्यावरही वीस-पंचवीस मिनिटं भट्टीतच ठेवला. बाहेरची भिंत तापली म्हणजे आतला रोलर तापला असं नाही, दाण्यांमधून उष्णता सावकाश जाते. पहिला दाब हलका: वरून, मग बाजूने, परत वरून. या टप्प्यावर डबा लांबवायचा नसतो, फक्त पोकळी संपवायची असते. हिशेबाने ५० चा चौकोन ४४ च्या आसपास आला की आत घन पोलाद उरतं, त्याच्या आधीचा प्रत्येक दाब हवा काढण्यातच जातो. मुलगा कॅलिपर घेऊन बसला होता. ४४ ला आल्यावर अजून दोन ताप देऊन घट्ट दाबला आणि राखेत पुरून सावकाश गार होऊ दिला, म्हणजे करवतीला लागेल एवढा मऊ राहतो.

डबा काढायची वेळ इथेच. पुढे ठोकून पातळ केल्यावर काढू म्हटलं असतं तर डब्याची भिंत, मधले दाणे आणि साखळीची पट्टी सगळंच पातळ झालं असतं. अडीच मिलिमीटरचा थर कागदाएवढा उरला असता. समोरासमोरचे दोन कोपरे ग्राइंडरने लांबीभर उतरवले, पत्रीची रेघ दिसल्यावर थांबलो, छिन्नी घातली. भिंती उचलल्या गेल्या. काकी म्हणाल्या, पातोळ्यावरचं हळदीचं पान निघावं तसं निघालं. घडीच्या जागी ओठ चिकटला होताच, तो घासला.

मग ठोकळा कुडाळच्या एमआयडीसीतल्या एका वर्कशॉपमध्ये बँडसॉवर उभा चिरला, तीन फळ्या. हा निर्णय मुलाचा आणि मला तो फार आवडला. अख्खा ठोकळा चेपून पातळ केला असता तर कड्या ओळखू न येण्याइतक्या पसरल्या असत्या. चिरल्यामुळे बाहेरच्या दोन फळ्यांवर पट्ट्यांचे आठ आले आणि मधल्या फळीवर पिन, बुश, रोलर अशी एकात एक वर्तुळं. मधल्या फळीच्या एका टोकाला रोलरच्या आत टाचणीच्या डोक्याएवढी पोकळी निघाली. दाणे तिथवर पोचले नव्हते. दोन सेंटिमीटर कापून टाकलं आणि ती सुरी लहान करावी लागली. बोटमालकाला कळवलं. तो हसला, "धाकट्याक धाकटी."

फळ्या ठोकून चार-पाच मिलिमीटरवर आणताना एक गोष्ट तात्यांना दोनदा सांगावी लागली. त्यांच्या कोयत्यात धार पट्टीच्या कडेला येते, तशी इथेही येणार. पण इथे ती कड म्हणजे डब्याच्या भिंतीला टेकलेली बाजू. कार्बन गमावलेली मऊ कातडी तिथेच आहे. सपाट अंगावर अर्धा मिलिमीटर कमी घासलं तर नक्षी थोडी फिकट दिसेल एवढंच, धारेच्या कडेला कमी घासलं तर सुरी कापणारच नाही. तिथे दीड मिलिमीटर उतरवलं.

पाणी द्यायचं, म्हणजे तापलेलं पातं एकदम गार करून कडक करायचं, ते तेलात दिलं. तात्यांचा हात पाण्यातला आहे, पण एवढ्या कार्बनच्या आणि आत इतके सांधे असलेल्या पात्याला पाण्यात तडा जायची भीती. आठशेच्या थोडं वर तापवून कोमट तेलात, मग ठिसूळपणा जावा म्हणून ओव्हनमध्ये दोनशे अंशांना दोनदा. कानस धारेवरून घसरली, म्हणजे धार कडक झाली, तिन्ही पात्यांवर. फेरिक क्लोराइडमध्ये शॉटचं पोलाद काळं पडलं, साखळीच्या पट्ट्या करड्या राहिल्या. बोटमालकाला रेषा अजून चकचकीत हव्या होत्या. निकेलची भुकटी घालता आली असती, निकेल आम्लात पांढरं राहतं, पण ते कडक होत नाही. धारेत आलेली निकेलची रेघ मऊच राहते. स्वयंपाकघरातल्या सुरीत मी ती घालणार नाही, भिंतीवर टांगायच्या तलवारीत खुशाल घालावी.

तात्यांकडे आता नारळ सोलायच्या कोयत्याचं काम आलंय, नुसता शॉट भरून. तिथे ना पत्री लागणार ना व्हाइटनर. काळ्या पाइपची भिंत काढायचीच नाही असं ठरलंय: फक्त धारेच्या बाजूची भिंत पूर्ण उतरवायची, बाकीच्या तीन तशाच ठेवायच्या, म्हणजे पाठ आणि गाल मऊ, मधला गाभा कडक. त्यासाठी पाइपच्या आतला काळा थर या खेपेपेक्षा जास्त काळजीने घासायला हवा, कारण आता तो जोड कोयत्यात राहणार आहे. मुलाने त्या कामाला लांब दांड्याचा तारेचा ब्रश मागवलाय.